नारदस्मृति व भाडेकरू

भाडेकरूच्या हक्कांचा कायदा नारदस्मृतींत सिद्धच आहे, असें कित्येक अभ्यासक मानतात. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. वेतन न देण्याविषयींच्या व्यवहारपदांत नारद सांगतो कीं, परक्याच्या भूमीवर घर बांधून जो ‘स्तोम’ देऊन राहतो, त्यानें निघतांना गवत, लाकूड, विटा घेऊन जावें. स्तोम न देतां राहिलेल्यास तो अधिकार नाहीं. स्तोम म्हणजे येथें स्तुति नव्हे, भाडें.

भूमि ज्याची त्याचीच इमारत, या जुन्या इंग्रजी तत्त्वाहून हा नियम उदार आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमांतही भाडेकरूस स्वतः जोडलेल्या वस्तु काढून नेण्याची मुभा आहे. परंतु नारदाचें हें रक्षण सामग्रीचें आहे, वास्तव्याचें नव्हे. मालकानें भाडेकरूस केव्हां उठवावें, भाडें किती वाढवावें, याविषयीं हीं वचनें मौन धरितात. मुंबई इलाख्यांत त्या प्रश्नास हात घातला तो १९१८ च्या भाडेनियंत्रक कायद्यानें.

विटा परत मिळणें निराळें, डोक्यावरचें छप्पर टिकणें निराळें. हा भेद पुसून प्राचीनांचा गौरव करणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.