‘ड्रंकन मास्टर’ : विनोद, विद्या आणि प्रेक्षकांचा मतभेद

एखाद्या लोकप्रिय कलाकृतीविषयी प्रेक्षकांची मते भिन्न असावीत, यात नवल नाही. परंतु जिचे महत्त्व बहुतेकांना मान्य आहे आणि त्या महत्त्वाची कारणे मात्र जो तो वेगळी सांगतो, अशी कृती विशेष विचारास पात्र ठरते. हाँगकाँगमध्ये १९७८ साली प्रदर्शित झालेला ‘ड्रंकन मास्टर’ हा चित्रपट या कोटीतला होय. कुंग-फू विद्येवर आधारलेल्या विनोदी चित्रपटांचा तो आदर्श मानला जातो. तथापि त्याच्याविषयी प्रेक्षक जे बोलत आले आहेत, ते एकत्र ठेवून पाहिले असता निरनिराळे लोक निरनिराळ्या चित्रपटांविषयी बोलत आहेत की काय, असा भास होतो.

चित्रपटाची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानी घेणे अवश्य आहे. ब्रूस ली १९७३ च्या जुलैमध्ये निवर्तला आणि त्यानंतर काही वर्षे हाँगकाँगच्या चित्रव्यवसायात त्याच्या अनुकरणाची लाट आली. १९५४ मध्ये जन्मलेला जॅकी चॅन हा नटही प्रारंभी याच साच्यात घातला गेला आणि तेथे तो शोभला नाही. लो वेई यांच्याशी करारबद्ध असलेला हा नट निर्माते इंग सी-युएन यांच्या सीझनल फिल्म कॉर्पोरेशनकडे दोन चित्रपटांपुरता आला. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ हा त्यांतील पहिला व ‘ड्रंकन मास्टर’ हा दुसरा. दोन्ही एकाच वर्षातले आणि दोहोंचा दिग्दर्शक युएन वू-पिंग हाच. दोहोंत वृद्ध गुरूची भूमिका दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिएन यांनी केली आहे.

कथानक साधे आहे. मुष्टिविद्येच्या एका नामांकित शिक्षकाचा मुलगा वाँग फेइ-हुंग हा आळशी, खोडकर आणि आपल्या बळाची घमेंड बाळगणारा आहे. तो शिक्षकाची टर उडवतो, एका तरुणीची छेड काढतो आणि तिच्या आईकडून मार खातो. ती तरुणी म्हणजे आपली आतेबहीण व ती स्त्री म्हणजे आपली आत्या, हे त्याला मागाहून कळते. कंटाळलेला बाप त्याला ‘भिकारी सो’ या मद्यपी व कठोर गुरूच्या हवाली करतो. मुलगा पळून जातो. वाटेत भाडोत्री मारेकरी यिम याच्याकडून त्याची मानखंडना होते आणि तेव्हा तो आपण होऊन गुरूकडे परततो. पुढे तोच मारेकरी त्याच्या बापाच्या जिवावर उठतो आणि शिकलेल्या विद्येच्या बळावर मुलगा त्याला जिंकतो.

या चित्रपटासंबंधी प्रेक्षकांची मते स्थूलमानाने चार प्रकारची आढळतात. पहिल्या वर्गास कथानक क्षुल्लक वाटते. द्वंद्वे पाहावीत आणि मधला भाग सोडून द्यावा, असे तो म्हणतो. दुसरा वर्ग द्वंद्वकौशल्य मान्य करतो, परंतु तोंडे वेडीवाकडी करणे, आपटणे, धडपडणे, चमत्कारिक ध्वनी योजणे या विनोदास ग्राम्य समजतो. तिसऱ्याचा आक्षेप नैतिक आहे: ज्यात दारू पिऊन बळ येते, तो चित्रपट मुलांना काय शिकवणार? चौथा वर्ग प्रामुख्याने चिनी परंपरेशी परिचित असलेल्यांचा. एका पूज्य पुरुषाला उनाड पोर म्हणून दाखवण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कोणी दिला, असा त्याचा प्रश्न असतो. या चारही मतांमागे काही तथ्य आहे. मात्र त्यांचे मोल ठरवण्यासाठी चौथ्या मतापासून आरंभ करणे श्रेयस्कर, कारण उरलेल्या तिहींची उकल त्यातच दडलेली आहे.

वाँग फेइ-हुंग ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण चीनमधील फोशान परिसरात जन्मलेला आणि १९२४-२५ च्या सुमारास निवर्तलेला हा पुरुष मुष्टिविद्येचा आचार्य आणि वैद्य होता. कँटन शहरातील ‘पो ची लाम’ हा त्याचा दवाखाना प्रसिद्ध होता. त्याच्या नावाभोवती आख्यायिका जमत गेल्या आणि १९४९ पासून हाँगकाँगमध्ये त्याच्यावर चित्रपटांची एक मालिकाच सुरू झाली. क्वान टाक-हिंग या नटाने त्याची भूमिका सत्तरांहून अधिक चित्रपटांत केली. एकट्या १९५६ या वर्षात असे पंचवीस चित्रपट निघाले. त्यांतील वाँग प्रौढ, गंभीर, क्षमाशील आणि शिष्यांना सदाचाराचे पाठ देणारा आहे. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतला आदर्श गृहस्थ म्हणजे हाच, अशी दोन पिढ्यांची धारणा झाली. लाउ कार-लेउंग यांनी १९७६ मध्ये त्याचे तारुण्य पडद्यावर आणले होते, परंतु त्यात थट्टेचा सूर नव्हता.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९७८ च्या हाँगकाँगमधील प्रेक्षक पहिल्याच दृश्यापासून का हसला असेल, हे स्पष्ट होते. त्याच्या मनात तो प्रौढ आचार्य उभा होता आणि डोळ्यांपुढे त्याच नावाचा एक द्वाड मुलगा फुकटचे जेवण उकळण्याच्या खटपटीत होता. विनोद या दोन प्रतिमांच्या अंतरातून निर्माण होतो. परदेशी प्रेक्षकाला मात्र हे अंतर दिसण्याचा संभवच नव्हता. इंग्रजी संवाद घातलेल्या आवृत्तीत नायकाचे नाव ‘फ्रेडी वाँग’ असे करण्यात आले आणि पूज्य नाव गेले तसा त्यावर बेतलेला विनोदही गेला. उरले ते आपटणे आणि धडपडणे. विनोद ग्राम्य आहे, असे म्हणणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या मताचा उगम पुष्कळ अंशी येथे आहे. त्याने जे पाहिले त्याविषयी तो बरोबर बोलतो. पण त्याच्यापर्यंत अर्धाच चित्रपट पोचला होता.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत या विनोदाचे स्वरूप अधिक नेमके सांगता येईल. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून मानली. अभिनवगुप्ताने पुढे जाऊन कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य निर्माण होऊ शकते, असे प्रतिपादिले. प्रस्तुत चित्रपटातील हास्य वीराच्या आभासातून निघते. नायकाचा उत्साह खरा असतो, परंतु त्याला विद्येचा आधार नसतो. म्हणून त्याचे शौर्य हास्यास्पद होते. विद्या अंगी मुरते तसतसा हा आभास ओसरतो आणि अखेरीस खरा वीर प्रकट होतो. हास्य आणि वीर हे येथे शेजारी मांडलेले दोन वेगळे पदार्थ नाहीत. एकाचे दुसऱ्यात रूपांतर होणे हेच या चित्रपटाचे कथानक आहे.

असे पाहिले असता पहिल्या वर्गाचे मत टिकत नाही. जो मधला भाग सोडून द्यावा असे तो सांगतो, त्या भागात विद्याभ्यास आहे. पायांनी उलटा टांगलेला शिष्य खालच्या पात्रातील पाणी लहानशा पेल्याने उचलून, कंबरेतून वर वाकून, वरच्या पात्रात ओततो. बोटांनी अक्रोड फोडण्याचा सराव करतो. गुरू शेजारी आरामात पीत बसलेला असतो. प्रेक्षक हसतो; पण हसता हसता त्याच्या ध्यानात येते की समोरचा देह हे खरोखरच करीत आहे. जॅकी चॅन बालवयापासून सुमारे दहा वर्षे हाँगकाँगमधील पीकिंग संगीत-नाट्याच्या निवासी शाळेत यू जिम-युएन या कडक गुरूच्या हाताखाली वाढला होता. युएन सिउ-तिएन हेही त्याच रंगपरंपरेतले. त्या परंपरेत कसरत, मुद्राभिनय, युद्ध आणि विनोद ही एकाच शिक्षणाची अंगे होत. म्हणून द्वंद्वे तेवढी पाहावीत असे म्हणणारा आणि द्वंद्वे चांगली पण विनोद नको असे म्हणणारा, हे दोघेही जे एकाच मुळापासून वाढले आहे त्याचे दोन तुकडे करू पाहतात.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नव्हे. मारेकऱ्याला बापावर धाडण्यामागचे जमिनीचे कारस्थान केवळ शेवटचे द्वंद्व घडवून आणण्यापुरते आहे. मधली काही द्वंद्वे कथेत कोठेही ठेवली तरी चालली असती. काही ठिकाणी मुद्राभिनय इतका भडक होतो की आभासातून उपजणारे हास्य नाहीसे होऊन निव्वळ चेष्टा उरते.

नैतिक आक्षेपाचा विचार अधिक सावधपणे केला पाहिजे. मुष्टिविद्येच्या परंपरेत मद्यप्याची पद्धती म्हणजे मद्यप्याचे अनुकरण: तोल गेल्याचे भासवून तोल राखणे, पडण्याच्या मिषाने प्रहार करणे. अनुकरण करणारा जितका शुद्धीवर, तितके ते अनुकरण उत्तम. चित्रपट मात्र ही मर्यादा पाळत नाही. त्यात मद्यावाचून गुरूची विद्या लुळी पडते आणि शिष्यही निर्णायक क्षणी मद्य घेतो. तेव्हा आक्षेप घेणाऱ्या पालकांना अरसिक ठरवून भागणार नाही. त्यांच्या आक्षेपाचे बळ पुढील इतिहासाने मान्यही केले आहे. जॅकी चॅननेच १९९४ मध्ये ज्या दुसऱ्या भागात काम केले, त्यात बाप मुलाला ही पद्धती वापरण्यास सक्त मनाई करतो आणि मद्य व अनर्थ यांचा संबंध उघड दाखवला जातो. पहिल्या चित्रपटातील एक त्रुटी त्याच्याच वारसाने ओळखली, असे याविषयी म्हणता येईल.

पूज्य पुरुषाची विटंबना हा आक्षेप शेवटी उरतो आणि त्याचे उत्तर चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगात मिळते. गुरूने शिकवलेली विद्या ताओ परंपरेतील आठ सिद्धांच्या नावाने आठ भागांत विभागलेली आहे. लंगडा ली, बासरीवाला हान शिआंग-त्झू इत्यादींच्या लकबी त्यात आहेत. आठवा भाग हो शिएन-कू या स्त्री-सिद्धेचा. तो बायकी म्हणून शिष्याने मनापासून शिकलेलाच नसतो. यिमशी लढताना सातही भाग खर्ची पडतात आणि गुरू आठवा वापरण्यास सांगतो, तेव्हा त्याला आपला आळस कबूल करावा लागतो. गुरू त्याला सातांच्या आधारे स्वतःचा आठवा भाग रचावयास सांगतो. तो रचतो आणि जिंकतो. येथे त्याने केलेला स्त्रियांचा नखरा आजच्या अनेक प्रेक्षकांना खटकतो आणि ते खटकणे रास्त आहे. परंतु आरंभी एका स्त्रीनेच या मुलाला लोळवले होते, हे विसरता कामा नये. ज्या विद्येला त्याने हलके लेखले, तिच्यावाचूनच त्याचे अडते. त्याची चूक घमेंडीची होती आणि ती त्याला सर्वांसमक्ष मान्य करावी लागते. आचार्यत्वाचा आरंभ या कबुलीत आहे.

जुन्या मालिकेतील वाँग जन्मतःच आचार्य असल्यासारखा वावरतो. तो कसा घडला, हे प्रेक्षकाला कधी दिसत नाही. ‘ड्रंकन मास्टर’ ते घडणे दाखवतो. अशा दर्शनाने आदर कमी होतो काय, या प्रश्नाचे उत्तर नंतरच्या घटनांनी दिले आहे. १९९१ मध्ये त्सुई हार्क यांनी जेट ली या नटास घेऊन त्याच पुरुषाचे गंभीर व तेजस्वी रूप पुन्हा पडद्यावर आणले आणि प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले. मधल्या तेरा वर्षांच्या हास्याने त्यात अडथळा आला नाही. १९९४ च्या विनोदी भागाचे दिग्दर्शक लाउ कार-लेउंग तर वाँगच्या प्रत्यक्ष शिष्यपरंपरेतले होते. त्यांचे वडील लाउ चाम हे वाँगचा शिष्य लाम साई-विंग याचे शिष्य होत. ज्या घराण्याने ती विद्या जतन केली, त्यालाही हे हास्य अपमानकारक वाटले नाही.

प्रेक्षकांच्या मतभेदाचे मूळ, तात्पर्य, रुचिभेदापेक्षा पूर्वपरिचयात अधिक आहे. नायकाचे नाव ज्याला ठाऊक होते त्याने एक चित्रपट पाहिला. नाव बदललेल्या प्रतीतून ज्याने पाहिला त्याने दुसरा. नैतिक आक्षेप मात्र या दोहोंनाही लागू राहतो. या चित्रपटाचा नव्याने विचार करणाऱ्याने मूळ नावाची व मूळ संवादांची प्रत पाहावी आणि विद्याभ्यासाचा भाग वगळू नये. म्हणजे हसण्याचे आणि आक्षेपाचे असे दोन्ही विषय त्याला त्यांच्या योग्य प्रमाणात दिसतील.