‘हरितगृह वायू’ : एका संज्ञेची चिकित्सा

कार्बन डायॉक्साइड, मिथेन इत्यादी वायूंचे वातावरणातील प्रमाण संशोधन-विमानातून मोजण्याचे शास्त्र आज बरेच पुढे गेले आहे. त्याविषयी लिहिणारी मराठी मात्र ‘हरितगृह वायू’ या संज्ञेपाशी अडखळते. इंग्रजी ‘ग्रीनहाऊस’चे पदशः भाषांतर करून ती घडविण्यात आली. असे भाषांतर स्वभावतः सदोष नसते. परंतु समासाचा अर्थ श्रोता आपल्या भोवतालच्या वस्तूंवरून लावतो, याचा येथे विसर पडलेला दिसतो.

जालना जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. येथे मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बीजोत्पादन हिरव्या जाळीच्या मांडवाखाली चालते. शेतकरी त्याला ‘शेडनेट’ म्हणतो. ‘हरितगृह’ शब्द कानी पडताच त्याच्या डोळ्यांपुढे हाच मांडव उभा राहणे स्वाभाविक आहे. आणि मांडवाचे कार्य कोणते? तर ऊन अडविणे. उष्णता कोंडली जाते हे सांगण्यासाठी योजिलेली संज्ञा भोकरदन-जाफराबादकडे अशा रीतीने सावलीचा बोध करून देते! मूळ इंग्रजी रूपकही निर्दोष नाही. काचघर उबदार राहते ते मुख्यतः आतील तापलेली हवा बाहेर जात नाही म्हणून, हे वुड यांनी १९०९ साली दाखविले. वायूंची रीत निराळी. ते भूपृष्ठावरून निघणारी अवरक्त प्रारणे शोषतात. टिंडल यांनी हे शोषण १८५९ मध्येच प्रयोगाने मोजले होते. ‘उष्णताशोषक वायू’ ही संज्ञा म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते. शोषलेली उष्णता पुन्हा भूमीकडे परतते, एवढे मात्र तीतून कळत नाही.

‘विमान’ या शब्दाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. २०१५ व २०१९ साली मराठवाड्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, तेव्हा विमाने तत्कालीन औरंगाबादहून उडत. ढगांकडे जाणारे विमान आणि पाऊस यांची सांगड त्यामुळे या भागात सहज पडते. याउलट, ‘कॅरिबिक’ प्रकल्पात लुफ्तान्साच्या प्रवासी विमानाच्या मालकक्षात उपकरणे ठेवलेली असत. २००८ च्या उन्हाळ्यात फ्रँकफुर्ट-चेन्नई मार्गावर त्यांनी मोसमी काळातील उंच हवेत मिथेनचे वाढलेले प्रमाण नोंदविले. या विमानाने हवा आत घेतली. बाहेर काही सोडले नाही. ‘विमानातून वातावरणावर प्रयोग’ अशी सरधोपट रचना केली, की घेणे आणि सोडणे हा भेदच पुसला जातो. पेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्या अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला हा भेद केवळ व्याकरणाचा नसतो. अशा वाक्यावरून तो एक तर पावसाची आशा धरील, नाही तर ढग पळविल्याचा संशय घेईल. ‘हवेचे नमुने घेणारे विमान’ हा शब्दप्रयोग लांबट आहे खरा. पण त्यातील क्रियापद खरे आहे.