यंत्र, श्रम आणि श्रवण : रॉक महोत्सवांच्या कलाकारयादीवरील वाद आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचे मूल्यमापन

बीजसंज्ञा : रॉक महोत्सव, इलेक्ट्रॉनिक संगीत, डीजे, अभिरुची, ध्वनिमर्यादा

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पिपरी मेघे येथे खोली करून राहणारे दोन विद्यार्थी पुण्यातील एका संगीत महोत्सवाची कलाकारयादी घेऊन मराठी विभागात आले. एकाचे म्हणणे असे की, रॉक महोत्सव म्हणून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून जावे आणि शेवटच्या रात्रीचा मानाचा कार्यक्रम लॅपटॉपसमोर उभ्या राहणाऱ्या एकट्या माणसाचा निघावा, ही श्रोत्यांची फसवणूक आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, वीज गेली की रॉकची गिटारही गप्पच बसते. मग राग एकाच यंत्रावर का? दोघांनीही निवाडा मागितला. ‘डीजे म्हणजे संगीतच नव्हे,’ असे उत्तर प्रस्तुत लेखकाने तत्काळ दिले.

त्याच आठवड्यात स्नेहसंमेलन समितीच्या बैठकीत डीजेला विरोध करताना लेखकाने हेच वाक्य उच्चारले होते. वस्तुतः तेथील अडचण निराळी होती. जवळ रुग्णालय होते आणि आवाजाबद्दल तक्रार येण्याची भीती होती. प्रशासकीय अडचणीला सौंदर्यशास्त्रीय निवाड्याचे रूप दिले गेले आणि विद्यार्थ्यांनी तो निवाडा खरा मानला. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची फेरतपासणी आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतावरील आक्षेपांत साधनाचा, श्रमाचा आणि आवाजाचा असे तीन भिन्न आक्षेप मिसळलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय या संगीताचे मूल्यमापन शक्य नाही, अशी येथील भूमिका आहे.

महोत्सव आणि कलाकारयादीचा अर्थ

महाराष्ट्रातील रॉक महोत्सवांची चर्चा ‘इंडिपेन्डन्स रॉक’पासून सुरू करावी लागते. १९८६ साली मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात बहरला. रंगभवनाचे खुले प्रेक्षागृह पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मैफलींना बंद झाले आणि महोत्सवाला जागा बदलावी लागली. त्याच्या यादीत कोणाला स्थान मिळाले, यावर भारतीय रॉक वाद्यवृंदांची प्रतिष्ठा ठरत असे. वाद होत, परंतु ते एकाच घराण्यातील वाद होते. गिटार, बेस, ड्रम आणि गायक ही चौकट सर्वांनाच मान्य होती.

२००७ च्या डिसेंबरात गोव्यातील कांदोळी येथे ‘सनबर्न’ सुरू झाला. येथे यादीच्या शिरोभागी डीजेची नावे होती. २०१६ साली हा महोत्सव पुण्याजवळ आला. दरम्यान २०१० पासून पुण्यात ‘वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला होता. त्याने रॉक, मेटल, फ्यूजन आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकाच मैदानावर, निरनिराळ्या रंगमंचांवर आणले. जुन्या श्रोत्याला खटकलेली गोष्ट हीच आहे. स्वतंत्र मैदानावर स्वतंत्र संगीत असते, तेव्हा तुलना टाळता येते. एकाच तिकिटात, एकाच फलकावर, लहान-मोठ्या अक्षरांत नावे छापली गेली की तुलना अटळ होते. कलाकारयादी ही वरकरणी माहिती असली, तरी कोण आधी, कोण शेवटी, कोणाचे नाव मोठ्या टंकात यांतून ती श्रेणी लावते. त्या अर्थाने यादी हीच एक अव्यक्त समीक्षा असते. म्हणून तिच्यावर वाद घालणारे तरुण नकळत समीक्षाव्यवहारच करीत असतात आणि अध्यापकांनी तो गांभीर्याने घेणे आवश्यक ठरते.

साधनाचा आक्षेप

यंत्रातून येणारा स्वर निर्जीव असतो, हा पहिला आक्षेप आपल्या परंपरेला नवा नाही. १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. ही पेटी परदेशी आहे, तिचे स्वर ठरावीक पट्ट्यांवर बांधलेले आहेत, तिच्यातून मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद ती पुसून टाकते, असे आक्षेप घेतले जात. ते तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. तथापि, त्याच काळात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी मराठी नाट्यसंगीतात या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले होते. बंदी अंशतः उठण्यास १९७१ साल उजाडले. साधनाची मर्यादा खरी असूनही त्यातून निर्माण होणाऱ्या संगीताचा निवाडा त्या मर्यादेवरून करता आला नाही, हे या प्रकरणाचे सार आहे.

त्याच दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला. आज शास्त्रीय संगीताच्या कितीतरी मैफलींत आणि घरोघरच्या रियाजात तो वाजतो. महोत्सवातील सिंथेसायझरला नाके मुरडणारा रसिक त्याच सायंकाळी या विजेच्या तंबोऱ्यावर लागलेला षड्ज डोळे मिटून ऐकतो, यातील विसंगती त्याच्या ध्यानी येत नाही.

रॉकच्या अभिमान्यांचा इतिहासही याहून वेगळा नाही. क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७० च्या दशकातील अनेक तबकड्यांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरलेला नसल्याची ग्वाही अभिमानाने छापलेली असे. १९८० च्या ‘द गेम’मध्ये त्यांनीच तो वापरला. द हू या वाद्यवृंदाच्या १९७१ मधील ‘बाबा ओरायली’ या गीताचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. रॉकच्या मानदंडांत गणले जाणारे हे गीत इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या आवर्ती स्वरांवर उभे आहे. त्याच्या नावातील ‘बाबा’ म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि अहमदनगरजवळच्या मेहेराबाद येथे समाधिस्थ झालेले मेहेरबाबा होत. नावाचा दुसरा भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचा आहे. हे रायली १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. तेव्हा शुद्ध रॉक नावाचे जे काही राखण्याचा आग्रह धरला जातो, त्याच्या पायातच यंत्र आहे, पुनरावृत्ती आहे आणि रूढ रॉकच्या बाहेरून आलेले संगीतविचारही आहेत.

श्रमाचा आक्षेप

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गिटारवादकाची बोटे दिसतात, ड्रमवादकाचा घाम दिसतो. डीजे काय करतो ते दिसत नाही. न दिसणाऱ्या श्रमाला श्रोता दाद कशी देणार?

येथे डीजेचे काम काय, हे समजून घ्यावे लागते. दोन ध्वनिमुद्रणांची लय जुळवणे, एकातून दुसऱ्यात सम न चुकवता जाणे, समोरचा समुदाय केव्हा थकला आणि केव्हा फुलला हे ओळखून पुढची निवड करणे, हे ते काम होय. शिकागोत १९७७ पासून ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स यांनी याच निवडीला कलेचे रूप दिले. ‘हाउस’ हे शैलीनाम त्या जागेवरूनच पडले, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडील कीर्तनकाराचे उदाहरण घेतले, तर हे सहज उमगेल. कीर्तनकार अभंग रचत नाही. तो निवडतो, जोडतो आणि श्रोत्यांचा कल पाहून वळण घेतो. अभंग दुसऱ्याचा आहे, म्हणून कीर्तनाला आपण उसनवारी म्हणत नाही.

मात्र या उपमेला मर्यादा आहे. संपूर्ण कार्यक्रम आधीच मुद्रित करून ठेवायचा आणि रंगमंचावर केवळ हातवारे करायचे, असेही घडू शकते. तेथे विद्यार्थ्याचा ‘फसवणूक’ हा शब्द लागू पडतो. परंतु ध्वनिमुद्रणातील प्रत्येक स्वर जसाच्या तसा गिरवणारा गिटारवाद्यवृंदही त्याच दोषास पात्र ठरतो. दोष यंत्राचा नसून न ऐकण्याचा आहे.

एक प्रयोग : दहा राग आणि एक ठेका

या कसोटीसाठी मुंबईत घडलेली एक निर्मिती तपासता येईल. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. भैरव, ललत, भूपाली, तोडी, यमन, मालकंस इत्यादी राग त्यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर मांडले. टीआर-८०८ वर ताल, टीबी-३०३ वर तळाची आवर्तने आणि ज्युपिटर-८ च्या पट्ट्यांवर हाताने वाजवलेली स्वरावली, अशी ही रचना होती. तबकडी फारशी खपली नाही. १९८७ साली शिकागोतून ‘ॲसिड हाउस’ शैलीची पहिली तबकडी निघाली, तिच्यातही टीबी-३०३ हेच यंत्र होते. २०१० साली सिंग यांची तबकडी पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा हे साम्य पाहून पाश्चात्त्य रसिक चकित झाले. सिंग २०१५ साली निवर्तले.

‘आमच्याकडे आधीच झाले होते’ या अभिमानापलीकडे जाऊन हे संगीत ऐकले पाहिजे. त्यात साधलेले बरेच आहे. तळाचे आवर्तन तंबोऱ्याप्रमाणे आधारस्वर धरून ठेवते. हार्मोनियमला न जमणारी, स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची क्रिया ज्युपिटरला जमते. यंत्रविरोधाचा जुना युक्तिवाद येथे उलटतो. टीबी-३०३ चे आवर्तन सोळा खणांचे असते. त्रितालाच्या सोळा मात्रांची आठवण येते खरी, पण सम, टाळी आणि खाली यांचे नाते त्या खणांत नाही. साम्य केवळ संख्येचे आहे.

हरवलेलेही बरेच आहे. लय आरंभापासून अखेरपर्यंत तीच राहते. विलंबित नसल्यामुळे रागाची बढत होत नाही. भैरवातील कोमल ऋषभाला आंदोलनासाठी लागणारा अवकाश ठेका देत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ८०८ हे यंत्र वादकाचे ऐकत नाही. तबलजी गायकाचा श्वास ओळखून किंचित थांबतो, भरतो, डिवचतो. यंत्र पुढे जात राहते. ऐकण्याची सारी जबाबदारी माणसावर पडते. सिंग जेथे ठेक्याच्या अंगाने वाक्य तोडतात आणि पुन्हा पकडतात, तेथे संगीत जिवंत होते. जेथे आरोह-अवरोह केवळ वेगाने फिरतात, तेथे सराव उरतो. असा तपशीलवार निवाडा या तबकडीचा करता येतो, यातच ती संगीत असल्याचा पुरावा आहे.

आवाजाचा आक्षेप

तिसरा आक्षेप आपल्या परिसरातील आहे. मराठीत ‘डीजे’ हा शब्द आता माणसापुरता राहिलेला नाही. ‘डीजे लावला’, ‘डीजे आणला’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाहनावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत अभिप्रेत असते. शब्दाच्या या अर्थांतराने मोठा घोटाळा केला आहे. मिरवणुकीतील त्रासाचा राग एका संगीतप्रकारावर निघतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. हे नियम ढोल-ताशा, भजनाचा भोंगा, ऑर्केस्ट्रा आणि डीजे यांत भेद करीत नाहीत. भेद आपण करतो. कोणाच्या मिरवणुकीतील आवाज आपल्याला ‘परंपरा’ वाटतो आणि कोणाच्या वस्तीतला ‘धिंगाणा’, हा प्रश्न अध्यापकवर्गाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर रॉकप्रेमींच्या जल्लोषात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या द्वेषामागे संगीताची चिकित्सा किती होती आणि डिस्कोशी जोडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय, लॅटिन व समलिंगी समाजांविषयीची अढी किती होती, याची चर्चा अद्याप संपलेली नाही. अभिरुचीच्या भाषेत अन्य तिरस्कार बोलू लागतात, तेव्हा समीक्षकाने सावध असावे.

वर्ध्याच्या भूमीवर यंत्राचा विचार करताना गांधीजींची भूमिका आठवणे स्वाभाविक आहे. त्यांचा विरोध यंत्रमात्राला नसून यंत्राच्या वेडाला होता. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले होते, कारण ते माणसाचे कष्ट हलके करण्याच्या मायेतून जन्मले, असे त्यांना वाटे. हीच दृष्टी संगीतास लावली, तर माणसाचे ऐकणे वाढवणारे यंत्र स्वीकारार्ह आणि ऐकणेच अशक्य करणारे यंत्र त्याज्य ठरते. कानठळ्या बसवणारी भिंत दुसऱ्या वर्गात मोडते. सिंग यांचा सिंथेसायझर पहिल्या.

निष्कर्ष

१. साधन विद्युतीय आहे की नाही, यावरून संगीताची प्रत ठरत नाही. हार्मोनियम, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि रॉक गिटार यांचा इतिहास हेच सांगतो.

२. डीजेचे कौशल्य निवड, जोडणी आणि समुदायाच्या श्रवणात आहे. ते नसेल, तर आक्षेप रास्त ठरतो. मात्र तीच कसोटी रॉक वाद्यवृंदासही लावावी.

३. आवाजाची मर्यादा हा आरोग्याचा आणि नागरी हक्काचा प्रश्न आहे. तो त्याच भाषेत, सर्वांसाठी समान मापाने मांडावा.

त्या दोन विद्यार्थ्यांना आज उत्तर द्यायचे झाले, तर ते बदलेल. यादीतील शेवटचे नाव लॅपटॉपवाल्याचे आहे म्हणून महोत्सव बुडाला असे नाही आणि गिटारही विजेवर चालते म्हणून वाद मिटला असेही नाही. तो माणूस रंगमंचावर कोणाचे ऐकत आहे, हे पाहून या, असे त्यांना सांगावे लागेल. स्नेहसंमेलन समितीला मात्र वेगळे आणि सरळ उत्तर द्यावे लागेल : शेजारी रुग्ण आहेत, आवाज कमी ठेवू या.