एका पेराचं अंतर

आमच्याकडे पोहायला विहिरीत शिकतात. मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीत माझ्या लहानपणी पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि चुलत्यांपैकी कुणीतरी मागून ढकलून द्यायचं. चार दिवस नाकातोंडात पाणी गेलं की पाचव्या दिवशी हात आपोआप चालायचे. मग डबा सुटायचा, मग कठड्यावरून सूर, मग मुटका, आणि शेवटची परीक्षा म्हणजे बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येणं. विहिरीला खोली असते, लांबी नसते. तिथे कोण किती वेळात पोचला हे कुणी विचारत नाही. कोणाचा दम किती, एवढंच पाहतात. त्यामुळे पन्नास मीटरच्या शर्यतीत पाहण्यासारखं काय असतं, हे मला कित्येक वर्षं कळलेलं नव्हतं. ते मला शिकवलं निकालाच्या एका यादीने. गेली काही वर्षं मी ती यादी एखाद्या आवडत्या कडव्यासारखी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

जकार्ता, २३ ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धा, पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल, अंतिम फेरी. चीनचा यू हेशिन २२.११ सेकंद. जपानचा कात्सुमी नाकामुरा २२.२०. जपानचाच शुनिची नाकाओ २२.४६. आणि कोल्हापूरचा वीरधवल खाडे २२.४७.

ज्ञानेश्वरीच्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो, यमकाबाहेरचा. पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा मला त्या ओवीची आठवण झाली. तीन चरण पदकाच्या यमकात बसलेले, चौथा बाहेर. पण ओवी वाचणाऱ्याला ठाऊक असतं की ती टेकते चौथ्या चरणावरच. अर्थ बहुधा तिथेच उतरतो. या चौथ्या ओळीतही बराच अर्थ उतरलेला आहे, आणि वीरधवलची कारकीर्द समजून घ्यायची तर तिथूनच मागे जावं, असं माझं मत आहे. त्याच्या २०१० मधल्या आशियाई पदकापासून सुरुवात करणारे लेख पुष्कळ आहेत.

आधी हा एक शतांश सेकंद. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून त्याची लांबी काढून पाहिली. ५० मीटरला २२.४७ सेकंद, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरला जरा कमी. त्या वेगाने एका शतांशात माणूस साधारण २.२ सेंटिमीटर पुढे जातो. हात समोर धरून तर्जनी पाहा: एक पेर. आपल्या आज्या पेरांवर जप मोजायच्या, त्यातलं एक. कांस्यपदक आणि चौथा क्रमांक यांच्यामध्ये जकार्तात एवढंच पाणी होतं.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मीटरपेक्षा कमी असून चालत नाही, पण तो किंचित लांब असला तर नियमात बसतो. काँक्रीटची भिंत दर लेनमध्ये केसाइतकीही मागेपुढे होऊ नये, असं कोणत्याच गवंड्याकडून होणार नाही. १९७२ साली म्युनिकला ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला दोन सहस्रांश सेकंदांनी हरवलं. त्यानंतर जलतरणाने सहस्रांश मोजणंच सोडून दिलं, कारण तेवढ्या बारकाव्यात पोहणाऱ्याचा वेग आणि भिंतीचा वाकडेपणा वेगळे काढता येत नाहीत. आता शतांशापर्यंत वेळ सारखी आली की दोघांना तेच पदक मिळतं. म्हणजे वीरधवल आणि नाकाओ यांच्यात जे अंतर पडलं, ते या खेळाला मोजता येणारं सगळ्यात लहान अंतर होतं. याहून लहान अंतर असतं, तर ते अंतर नाहीच असं नियम म्हणाला असता. यात अन्याय शोधू नये. नाकाओ आधी पोचला, पदक त्याचंच. पण त्या आकड्याकडे पाहिलं की छातीत अजून हलतं, हे मी लपवणार नाही.

पन्नास मीटर फ्रीस्टाइल हा पोहण्यातला सगळ्यात अल्पाक्षरी प्रकार आहे. वळण नाही, डावपेच नाहीत, मागून येऊन गाठण्याला सवड नाही. ब्लॉकवरून सूर, मग पाण्याखाली लाटेसारखं अंग हलवत जाणं. पंधरा मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे. मग पस्तीस-चाळीस हात. जगातले बरेच वेगवान पोहणारे या अंतरात एकदाच श्वास घेतात, काही घेतच नाहीत, कारण मान वळवली की वेग तुटतो. आमच्या विहिरीतली बुडी तळाशी जायची, ही बुडी आडवी भिंतीकडे जाते; दम मात्र दोन्हीकडे तोच. आणि शेवट. भिंत जवळ आली की पोहणाऱ्यासमोर एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर बुद्धीने देण्याइतका वेळ नसतो: आणखी एक हात मारायचा, की आहे तोच हात लांबवून अंग ताणून भिंतीला टेकायचं? जास्तीचा हात अर्धवट पडला तर वेळ गेला. लांबवलेला हात पुरला नाही तरी वेळ गेला. हजारो वेळा भिंतीला हात लावून झाल्यावर शरीरात जी समज मुरते, तीच त्या क्षणी उत्तर देते. विहिरीत थकलेल्या पोराने कडेच्या दगडाकडे हात टाकावा आणि बोटं शेवाळावरून निसटावीत, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आता त्याच दिवसाचा दुसरा आकडा. अंतिम फेरीच्या आधी, प्राथमिक फेरीत, वीरधवलने २२.४३ सेकंद दिले होते. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत तेच जमलं असतं तर कांस्य त्याचं होतं, ही बेरीज-वजाबाकी कोणीही करेल, आणि त्या रात्री ती सगळ्यांनी केली. मला २२.४३ वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटतो. तो विक्रम त्याने मोडला तो कोणाचा? स्वतःचा. २००९ सालचा, २२.५२ चा. नऊ वर्षं तो आकडा तिथेच उभा होता. मधल्या पिढीतल्या एकाही भारतीय पोहणाऱ्याला तो हलवता आला नाही, आणि शेवटी ज्याने तो लिहिला होता त्यानेच येऊन तो खोडला.

२००९ हे साल जलतरणात वेगळं धरतात. अंगभर चढवायच्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी त्या वर्षी जगभर विक्रमांचा पूर आणला होता. एकट्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, साध्या विणलेल्या कापडाचाच पोशाख उरला. त्या वर्षीची वेळ नंतर गाठायची म्हणजे प्रवाहाविरुद्ध हात मारण्यासारखं होतं. वीरधवलने ते केलं, तेही सत्ताविसावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना. मधल्या बऱ्याच वर्षांत तो पूर्णवेळ जलतरणपटूही नव्हता.

त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. त्यामुळे एक योग मला नेहमी दिसतो. २००८ च्या ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला, तेव्हा सतरावा वाढदिवस दारात होता. जकार्ताला सत्ताविसावा. बरोबर दहा वर्षं, तोच महिना, तेच पहिलं अंतर.

बीजिंगनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरली. बालेवाडीचा तलाव आमच्या गावापासून फार लांब नाही. पिरंगुटचा घाट उतरून चांदणी चौकातून गेलं की आलंच. तिथे त्याने सुवर्णपदकं घेतली. ऑलिंपिकला नुकताच जाऊन आलेला तो कोल्हापूरचा मुलगा आमच्या इतक्या जवळ पोहत होता, आणि मी गेलो नाही. जाऊन तरी काय पाहणार, असं तेव्हा वाटलं होतं. ही चुटपुट माझी आहे आणि ती राहील.

कोल्हापूर हे कुस्तीचं आणि फुटबॉलचं गाव. तिथला मुलगा पोहण्यासाठी बेंगळुरूला गेला, प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे तयार झाला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्यपदक घेऊन आला. त्याआधी आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचं पदक मिळालं होतं ते १९८६ साली, सोलला, खजान सिंगने २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा. चोवीस वर्षं. त्या चोवीस वर्षांत आपल्याकडे तलाव बांधले गेले, शिबिरं भरली, पोरं पहाटे चारला उठून थंड पाण्यात उतरली, आणि हाताशी काही आलं नाही. वीरधवल त्या वेळी १९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

ग्वांगझू आणि जकार्ता शेजारी ठेवून वाचले की एक बारीक जागा सापडते. बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकवावे लागतात, तसा नियमच आहे. फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुरतो, त्या हाताचं एक बोट पुरतं. पदक आलं ते दोन्ही हातांनी, आणि गेलं ते एका बोटाच्या टोकावरून. कोणी कवी हे मुद्दाम जुळवायला गेला असता तर ओढूनताणून आणल्यासारखं झालं असतं. इथे ते घडलेलं आहे, नियमपुस्तिकेने आणि घड्याळाने.

पण या कारकिर्दीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा या दोन शर्यतींच्या मधली आहे, जिथे निकालांची यादी विरळ होत जाते. वृत्तात यती असतो. तिथे अक्षर नसतं, पण म्हणणाऱ्याला थांबावं लागतं. न थांबता म्हटलं तर पुढचा चरण कोसळतो. पदकानंतर महाराष्ट्र शासनाने वीरधवलला तहसीलदार केलं. काही काळ तो मालवणचा तहसीलदार होता. मुळशीसारख्या तालुक्यात ज्याने आयुष्य काढलं आहे, त्याला तहसील कचेरी काय असते हे सांगायला नको. फेरफार, दाखले, हद्दीचे वाद, वाळूच्या गाड्या, पावसाळ्यात पंचनामे, निवडणूक लागली की रात्री-अपरात्रीच्या बैठका. बाहेर व्हरांड्यात सकाळपासून बसलेली माणसं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाणीच पाणी, आणि हा माणूस टेबलाशी.

शतांशांत जगणाऱ्या खेळात अशी वर्षं फार महाग पडतात. पाण्याचा हाताला कळणारा दाब असतो. थोडे दिवस तलावाबाहेर राहिलं तरी तो हाताला कळेनासा होतो, असं पोहणारे सांगतात. खेळाडूला नोकरी देणं हा आपल्याकडे सन्मान मानतात आणि तो आहेही. घर चालतं, आईवडिलांचा जीव खाली पडतो. पण एकोणिसाव्या वर्षी आशियात तिसरा आलेल्या मुलाला पुढची आठ वर्षं केवळ पाणी आणि झोप एवढंच द्यायला हवं होतं, असं मला तीव्रतेने वाटतं. त्याने ती वर्षं जमेल तसं पोहत काढली आणि मग तो परत आला. म्हणून २२.४३ हा आकडा मी पदकाच्या वर लिहितो. कांस्यपदकात त्याची तयारी आणि तारुण्य दिसतं. २२.४३ मध्ये यतीनंतर पुन्हा लय पकडणारा माणूस दिसतो, आणि लय पकडणं लयीत असण्याहून पुष्कळ अवघड आहे. भजनात बसणाऱ्या कुणालाही विचारा.

२०२० मध्ये साथ आली आणि तलावांना कुलुपं लागली. धावणारा गच्चीवर धावू शकतो, पैलवान अंगणात जोर मारू शकतो. पोहणाऱ्याला पाण्याशिवाय काहीच करता येत नाही. त्या दिवसांत वीरधवलने जाहीरपणे म्हटलं होतं की कदाचित आता निवृत्तीचा विचार करावा लागेल. ते वाचून मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. २०२३ मध्ये गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. पणजीला कांपालच्या तलावावर ५० मीटर फ्रीस्टाइल. त्याचं वय ३२. सोबत उतरलेल्यांपैकी कित्येक जण, तो बीजिंगला गेला तेव्हा पहिली-दुसरीत असतील. त्याने २२.८२ सेकंद दिले आणि सुवर्ण घेतलं. जकार्ताच्या मानाने पस्तीस शतांश जास्त. माझ्या हिशेबाने पाऊण मीटरच्या वर. पण या वेळी त्याच्या पुढे भिंतीला कोणीच टेकलं नव्हतं. ही आपली शेवटची स्पर्धा, असं त्याने सांगितलं. त्याच स्पर्धेत महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल ऋजुता खाडेने जिंकली, २६.४२ सेकंदांत. ती त्याची बायको. दोन सुवर्णं, एकच अंतर, एकच घर.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. आमची ती विहीर अजून आहे, पाणी उपसा झाल्यावर खाली जातं. परवा पुतण्याला शिकवायला उतरलो होतो. तो मधोमध थकला आणि कडेच्या दगडाकडे हात टाकू लागला. एरवी मी ओरडलो असतो, हात मार, हात मार. या वेळी तोंडातून निघालं, "लांबव." त्याने हात लांबवला, खांद्यापासून, कोपर सरळ, बोटं सरळ, आणि मधल्या बोटाचं शेवटचं पेर दगडाला लागलं.