निमोच्या गोष्टीतले गाळलेले दहा दिवस

अँड्र्यू स्टँटन यांचा 'फाइंडिंग निमो' (२००३) हा चित्रपट गोंदिया जिल्ह्यातील एका शाळेत मुलांबरोबर मी पुन्हा पाहिला. संपल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांनी विचारले, "सर, हे मासे घरच्या टाकीत ठेवले तर पिले होतील का?" उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाचे उत्तर ज्या भागात दडले आहे, नेमका तोच भाग चित्रपटाने गाळला आहे.

आधी जमेची बाजू. विदूषक मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, अंड्यांची निगा मुख्यतः नर राखतो, हे चित्रपटात बरोबर आहे. अ‍ॅडम समर्स यांच्यासारखा मत्स्यतज्ज्ञ सल्लागार होता, तेव्हा निर्मात्यांना जीवशास्त्र ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी बनतो, हे हान्स आणि सिमोन फ्रिक यांनी १९७७ साली दाखवून दिले होते. म्हणजे आई गेल्यावर निमोच्या बापाची, मार्लिनची, मादी व्हायला हवी होती. मुलांच्या गोष्टीत एवढी सूट मी देईन. (वर्गात मात्र हे जरूर सांगावे. मुले आपल्यापेक्षा कमी बिचकतात.)

माझी तक्रार वेगळी आहे. चारशेहून अधिक अंड्यांपैकी एकच वाचते आणि पुढच्या प्रसंगात निमो शाळेत निघालेला दिसतो. मध्ये काय घडते? सुमारे २७-२८ अंश तापमानाला अंडी आठवडाभरात उबतात, तीही अंधार पडल्यावर. जेमतेम चार मिलिमीटर लांबीची पारदर्शक अळी बापाला आणि समुद्रफुलाला सोडून खुल्या पाण्यातील प्लवकात निघून जाते. साधारण दहा दिवस ती तिथेच वाढते आणि मग एखाद्या प्रवाळभित्तीकडे वळते. बाप पोराला ओळखतही नाही. आपल्या तलावांत लालसर पिलांचा पुंजका पृष्ठभागाशी हिंडतो आणि खाली मरळ राखणीला असते, हे इथले ढिवर बांधव नेहमी पाहतात. चित्रपटातला मार्लिन रंगाने विदूषक मासा असला, तरी वागणुकीने मरळ आहे!

घरगुती मत्स्यपालनाची पुष्कळशी माहितीपत्रकेही हीच कात्री चालवतात. टाकी, गाळणी, मीठ, जोडी आणि लगेच पिले! वास्तविक अंडी मिळवणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. दोन लहान मासे एकत्र ठेवले की वरचढ ठरणारा मादी होतो. समुद्रफूल लागत नाही. आडवी ठेवलेली मातीची कुंडी चालते. धीर मात्र हवा, कारण कोवळ्या जोडीला अंडी घालण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागते. गोंदियाच्या मे महिन्यात टाकीतले पाणी झपाट्याने उडते, पण मीठ मागे राहते. म्हणून तूट खाऱ्या पाण्याने नव्हे, गोड्या पाण्याने भरावी. बाष्पीभवनाचा पाठ शिकवायला यापेक्षा चांगले साधन मला सुचत नाही.

खरी परीक्षा त्या दहा दिवसांची. अळीचे तोंड इतके लहान, की तिला हलणारे जिवंत भक्ष्यच लागते. ते म्हणजे रोटिफर हे सूक्ष्म जीव. रोटिफरांना खायला हिरवे सूक्ष्म शैवाल हवे. म्हणजे आधी शैवाल, मग रोटिफर आणि शेवटी जोडी, असा क्रम हवा. मी उलटा चाललो. अंडी दिसल्यावर रोटिफर मागवले. ते येईपर्यंत अंडी उबली आणि चौथ्या सकाळी टाकीत एकही अळी उरली नव्हती. पुढच्या खेपेस अन्न तयार होते. दहाव्या दिवशी काही पिलांच्या अंगावर पांढरा पट्टा उमटला आणि ती तळाशी उतरली.

जोडी घ्यायचीच असेल तर समुद्रातून पकडलेली घेऊ नये. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे आणि बंदिस्त पैदास केलेले मासे बाजारात मिळतात.

त्या शिक्षकांना मी मासे दिले नाहीत. शैवालाची एक बाटली दिली. ती वर्गाच्या उत्तरेकडील खिडकीत आहे आणि मुले रोज सकाळी ती हलवतात. निमो कुठे होता, हे त्यांना सांगून झाले आहे.