लिथियावरचे निरीश्वर सज्जन

पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव सापडले तर देवाचे काय होईल, या प्रश्नाची काळजी देव मानणाऱ्यांपेक्षा न मानणाऱ्यांनाच जास्त दिसते. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ टेड पीटर्स यांनी २००८ साली सुमारे १३०० लोकांची पाहणी केली. बहुतेक श्रद्धावंतांनी सांगितले की, आमच्या श्रद्धेला धक्का बसणार नाही. धर्म कोसळण्याचे भाकीत करण्यात धर्म न मानणारे अधिक पुढे होते, तेही अर्थात दुसऱ्यांच्या धर्माबद्दल.

विज्ञानकथेतही हेच झाले आहे. आर्थर क्लार्क नास्तिक, जेम्स ब्लिश अज्ञेयवादी. दोघांनीही परग्रहावर जेझुइट पाद्री पाठवला आणि त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेतली. जेझुइटच का, याचे उत्तर सोपे आहे. या संघात खगोलशास्त्रज्ञांची जुनी परंपरा आहे आणि व्हॅटिकनची वेधशाळाही तेच चालवतात. ख्रिस्ती धर्मच का, याचे उत्तर मात्र थोडे मागे जाऊन शोधावे लागते.

थॉमस पेन यांनी ‘द एज ऑफ रीझन’मध्ये (१७९४) ही अडचण उघडपणे मांडली. जगे असंख्य असतील, तर देवाने या एकाच गोळ्यावर अवतरून मरण पत्करले हे कसे पटावे? की प्रत्येक जगात तो पुन्हा पुन्हा मरतो? स्कॉटिश धर्मोपदेशक टॉमस चामर्स यांनी १८१७ साली छापलेल्या व्याख्यानांतून उत्तर दिले : विश्व अफाट आहे म्हणून देवाचे लक्ष धाकट्यांवरून उडते असे नाही. पण मला विल्यम ह्यूएल जास्त बोलके वाटतात. ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द घडवणारा हा विद्वान. त्यांनी १८५३ साली निनावी पुस्तक लिहून इतर ग्रह बहुधा निर्जन आहेत असा युक्तिवाद केला. श्रद्धेसाठी आकाश रिकामे करणारा माणूस विज्ञानाचा होता, ही नोंद आपल्याकडच्या ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ छापाच्या लेखांत कधी येत नाही.

क्लार्क यांची ‘द स्टार’ (१९५५) ही कथा बहुतेकांना माहीत असते. ताऱ्याच्या स्फोटात जळून गेलेल्या एका सुसंस्कृत समाजाचे अवशेष पाद्री-खगोलशास्त्रज्ञाला सापडतात. तो काळाचा हिशेब करतो, तेव्हा ध्यानात येते की येशूच्या जन्माची ग्वाही देणारा तारा तो हाच. कथेचा शेवट जबरदस्त आहे, आणि माझी तक्रारही त्या शेवटाशीच आहे. तिथले जीव मेलेले आहेत. ते केवळ बळी म्हणून साक्ष देतात. निरपराधांना देवाने का मारावे, हा प्रश्न १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर युरोपने पुरता चघळला होता. त्यासाठी परग्रहाची गरज नव्हती.

ब्लिश यांच्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’मधले (१९५८) जीव जिवंत आहेत आणि चांगले आहेत. खरी पंचाईत तिथे आहे. लिथिया ग्रहावरच्या सरड्यांसारख्या उंच प्राण्यांत गुन्हा नाही, युद्ध नाही, खोटेपणा नाही. त्यांची नीती ख्रिस्ती नीतीशी तंतोतंत जुळते. पण त्यांना देव ठाऊक नाही, पापाची कल्पना नाही आणि कशाची रुखरुखही नाही. केवळ बुद्धीच्या बळावर ते जसे वागायला हवे तसे वागतात. पेरूचा जीवशास्त्रज्ञ पाद्री रुइझ-सांचेझ हे पाहून आधी भारावतो, मग हादरतो. देवाविना इतकी सज्जनता शक्य असेल तर देव कशासाठी? त्याच्या मते हा ग्रह म्हणजे सैतानाने रचलेला सापळा आहे. पण सैतानालाही सृष्टी घडवता येते असे मानणे चर्चच्या लेखी पाखंड. म्हणजे श्रद्धा वाचवायला निघालेला माणूस स्वतःच पाखंडी ठरतो! ही कोंडी ब्लिश यांनी बाहेरून चिकटवलेली नाही. ती त्या धर्माच्याच तर्कातून वर येते. अज्ञेयवादी लेखकाने पाद्र्याला मूर्ख न ठरवता हे साधले, याचे मला मोल वाटते.

उत्तरार्ध ढिला आहे. पृथ्वीवर वाढलेला लिथियन दूरचित्रवाणीवरून लोकांना चिथावतो, हा भाग दुसऱ्याच कादंबरीतून आल्यासारखा वाटतो. शेवट मात्र पक्का आहे. चंद्रावरून दुर्बिणीतून पाहत पाद्री लिथियावर भूतबाधा उतरवण्याचा विधी करतो आणि त्याच क्षणी ग्रह फुटतो. तिथे एका भौतिकशास्त्रज्ञाचा धोकादायक प्रयोगही चालू होता. कशाने काय झाले, ते ब्लिश सांगत नाहीत.

हे वाचून आपल्याकडे हमखास ऐकू येते : ही त्यांची अडचण, आपला देव तर अनंतकोटी ब्रह्मांडनायक! योगवासिष्ठात तर विश्वांच्या पोटात विश्वे आहेत. खरे आहे, आणि एकमेव अवताराचा पेच आपल्याला पडत नाही हेही खरे. पण ही विशालता संख्येची आहे. त्या कोट्यवधी ब्रह्मांडांतून कुणी परका येऊन आपल्याला प्रश्न विचारत नाही. शिवाय नरजन्म दुर्लभ, तेच मोक्षाचे दार, हे आपल्या संतांनी किती आग्रहाने सांगितले आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या हिशेबात लिथियन कुठे बसवायचा? देवाविना नीती जैन-बौद्धांना नवी नाही, हे मान्य. पण तिथेही तृष्णा जिंकावी लागते, संयम कमवावा लागतो. लिथियनाला जिंकायला काही उरलेलेच नाही.

जयंत नारळीकरांनी परग्रहावरून आलेल्या मुलाच्या कादंबरीला ‘प्रेषित’ हा धर्माच्या परंपरेतला शब्द शीर्षक म्हणून दिला. त्या शब्दाचे धार्मिक ओझे उचलणारी विज्ञानकथा मला मराठीत वाचायची आहे. लिथियन आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात येऊन उभा राहील. वारकरी त्यालाही ‘माउली’ म्हणतील, पाया पडतील, बुक्का लावतील. मग तो अगदी सरळपणे, कुचेष्टा न करता विचारील की तुम्ही एवढे चालत कशासाठी आलात. त्यापुढचे पान कुणीतरी लिहावे.