‘माती’ची ‘मात’ करणारा फिल्टर

मोजण्याआधी एकक ठरवा, हे आपण लॅबमध्ये पहिल्याच वर्षी शिकतो. एकक चुकलं की काय होतं, याचं छान उदाहरण जँगोमध्ये सापडतं.

पायथॉनवरच्या या वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेट भाषेत शब्द मोजून मजकूर कापणारा ‘ट्रंकेटवर्ड्स’ फिल्टर आधीपासून होता. २०१२ च्या १.४ आवृत्तीत ‘ट्रंकेटचार्स’ आला. हा अक्षरं मोजतो. लांब शीर्षक चौकटीत बसवायला एकदम सोयीचा.

आता त्याला ‘भूजल आणि मातीचा अभ्यास’ हे शीर्षक द्या, मर्यादा १३. आजच्या आवृत्तीत उत्तर येतं: ‘भूजल आणि मात…’. मातीची मात झाली!

बनवणाऱ्यांनी विचारच केला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जोडचिन्हं मोजायची नाहीत, ही काळजी कोडमध्ये घेतली आहे. पण ती ओळखण्यासाठी युनिकोडचा ‘कंबायनिंग क्लास’ बघितला जातो. हलन्तचिन्हाचा क्लास ९, म्हणून ते मोजणीतून सुटतं. काना, वेलांटी, उकार यांचा क्लास मात्र शून्य. म्हणून ते स्वतंत्र अक्षर धरले जातात आणि कात्री ‘त’ आणि वेलांटीच्या मधून जाते.

म्हणजे हेतू बरोबर, निकष अपुरा. फ्रेंच अक्षरांवरच्या चिन्हांना तो चालतो, आपल्या मात्रांना नाही. मराठी मजकुरासाठी तूर्तास ‘ट्रंकेटवर्ड्स’च बरा.

तुमच्या संशोधनातही तयार निकष उचलताना एवढं विचाराच: हा कुणाची उदाहरणं समोर ठेवून तपासलाय? त्यात आपला डेटा होता का?